आत्याबाईच्या मिशा

माझे मोठेबाबा वारले तेव्हा त्यांचा एकच फोटो होता, आणि त्यात त्यांना तोंड नव्हतं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात कुठल्याही बैलबंडीवाल्याला ‘गुरुजींकडे जायचं’ एवढं सांगितलं की तो पुढे काही न विचारता आमच्या दारात आणून सोडायचा. उभा जन्म त्यांनी गावच्या शाळेत हेडमास्तरकी केली आणि पेन्शनीत निघाल्यावर लोकांनी त्यांना लोकल बोर्डावर निवडून दिलं. त्या बोर्डाच्या मेंबरांचा वाशीमला एकदा एकत्र फोटो काढला होता. फोटोवाल्याने काळ्या कपड्यात डोकं घातलं, ‘हलू नका’ म्हणाला, आणि नेमकं तेव्हाच मोठेबाबांना समोरच्या कडुनिंबावर चढलेलं कुणाचं तरी पोरगं दिसलं. ‘उतर खाली!’ म्हणून ते गर्रकन वळले. पोरगं उतरलं. फोटोत मात्र सगळे मेंबर शिस्तीत बसलेले आणि मधोमध एक कोट, कोटाच्या वर नुसता धूर. तो फोटो आमच्या ओसरीत टांगलेला होता आणि आल्यागेल्याला मोठेबाबा स्वतः त्या धुरावर बोट ठेवून सांगायचे, ‘हा मी.’ माझा नातू आता एका बारशात इतके फोटो काढतो की बाळाला डोळे उघडायला फुरसत मिळत नाही. त्याला हा धूर दाखवला तर तो म्हणाला, ‘आजी, परत काढायचा ना!’ परत काढणं त्या काळी कुणाच्या डोक्यात येत नसे. झाला तो फोटो झाला.

आमचं घर म्हणजे चार खोल्या आणि पुढे लांब ओसरी. कापूस वेचणीला लागला की अर्ध्या ओसरीत आढ्यापर्यंत ढीग लागायचा आणि बंड्या भरून व्यापाऱ्याकडे जाईपर्यंत आम्ही सगळी त्या ढिगाच्या कडेकडेने राहत असू. वरणात कापूस, अंथरुणात कापूस, बाबांच्या कानात कापूस. पहाटे जात्याची घरघर, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि या सगळ्यावर ठकूआत्याचा आवाज. ठकूआत्या मोठेबाबांच्या पाठची बहीण. लहानपणीच लग्न झालं, लहानपणीच नवरा गेला, आणि ती माहेरी आली ती कायमची. मोठेबाबांची बायकोही लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. तेव्हा मोठेबाबांनी शाळा चालवावी आणि आत्याने मोठेबाबांना चालवावं अशी घराची वहिवाट पडली होती. गावातले जुने विद्यार्थी, म्हणजे ज्यांना आता नातवंडं झाली होती ते, मोठेबाबा दिसले की पाठीमागे बिडी विझवायचे. हेच मोठेबाबा घरी भाकरीचा पापुद्रा टाकून उठले तर आत्या म्हणायची, ‘दादा, पोट्ट्याइले काय शिकवता मंग?’ की ते मुकाट्याने परत बसायचे. माझे बाबा शेंडेफळ. दोन बोलणाऱ्यांच्या मागून जन्मल्यामुळे त्यांच्या वाट्याला एकच शब्द उरला होता, ‘पाहू.’ बैल घ्यायचा का, पाहू. पाऊस येईल का, पाहू. आई म्हणायची, ‘यायले इचारलं का घराले आग लागली काय, तरी म्हनतीन पाहू.’

मोठेबाबांची कामं सांगायला बसले तर हे प्रकरण संपायचं नाही, आणि त्यांना स्वतःला ती कामं वाटतही नव्हती. वेचणीच्या दिवसांत पोरं शाळेऐवजी वावरात जायची. मोठेबाबा रागावले नाहीत. शाळेची पितळी घंटा काखेत मारून ते वावरात गेले आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून घंटा वाजवली. पोरं ओळीने कापूस वेचायची आणि ओळीनेच पाढे म्हणायची, आणि पाढा चुकला की त्या झाडाची बोंडं पुन्हा तपासायची. त्यामुळे आमच्या गावचा कापूस स्वच्छ असतो अशी बाजारात ख्याती झाली आणि तिचं श्रेय सगळे काळ्या मातीला द्यायचे. शाळेवर टिनं पडावीत म्हणून ते बोर्डाच्या दर बैठकीला शाळेच्या छपरातलं एक फुटकं कवेलू, म्हणजे कौल, धोतराच्या पदरात बांधून न्यायचे आणि साहेबाच्या टेबलावर ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. नुसता घसा खाकरायचे, ‘हं.’ शेवटी टेबलावर जागा उरेना तेव्हा टिनं मंजूर झाली. गावात पटकी आली तेव्हा सरकारी माणसाने विहिरीत लाल औषध टाकलं आणि त्या पाण्याला कुणी शिवेना. मोठेबाबांनी सगळ्यांना जमवलं, आणि लोकांची खात्री पटावी म्हणून विहिरीतलं पाणी न पिता थेट औषधच लोट्यात जरा जास्त कालवून प्याले. माणसाला काही झालं नाही, पण मिशी वांग्याच्या रंगाची झाली. ती भरघोस मिशी त्यांनी त्याच दिवशी उतरवली आणि पुन्हा कधी ठेवली नाही. गाव वाचलं. हा मिशीचा किस्सा ध्यानात असू द्या, पुढे त्याने फार घोळ घातला.

ते गेले ते अगदी सरळ गेले. सकाळी मला शुद्धलेखन घातलं, दुपारी झोपले, संध्याकाळी उठले नाहीत. मला फार रडू आलं. लोक म्हणाले पोरीचा किती जीव होता, आणि तो होताच, पण त्या रडण्यात माझी स्वतःची एक धास्ती होती. मुलांच्या शाळेत वरच्या वर्गात आम्ही तीन मुली बसत होतो. मी, कुंभाराची शेवंता आणि किराणा दुकानवाल्या जैनांची राजुल. पटावर आमची नावं नव्हती. हेडमास्तर बदलले तरी आम्हाला कुणी उठवलं नव्हतं, कारण मोठेबाबा काठी टेकत यायचे, खिडकीतून आमच्याकडे बघायचे, ‘हं, बसा’ म्हणायचे आणि निघून जायचे. तेवढ्या दोन शब्दांवर आमची शाळा उभी होती. मला सातवी पास होऊन मास्तरीण व्हायचं होतं. मोठेबाबांनी मला कबूल केलं होतं. आणि ते जाऊन महिना झाला नाही तोच नव्या हेडमास्तरांनी आम्हाला सांगितलं, ‘मुलींनो, तुम्ही आता घरी बसावं हे उत्तम.’ ते अमरावतीकडून आलेले, छापील बोलणारे गृहस्थ होते. वाईट नव्हते, घाबरट होते. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, ‘पाहू.’ आत्या चुलीपाशी होती. ती काहीच बोलली नाही. आत्या बोलली नाही म्हणजे घरात काहीतरी व्हायचं होतं.

इकडे गावाने ठरवलं की गुरुजींची तसबीर शाळेत लावायची. पाटील, नवे हेडमास्तर, माझे बाबा आणि आणखी दोघे अशी कमिटी झाली, आणि संक्रांतीच्या आधी शिक्षणखात्याचे डिप्टी साहेब येणार होते, त्यांच्याच हातून पडदा उघडायचं नक्की झालं. तसबिरीसाठी चित्रकार हवा. आमच्या टापूत चित्रकार एकच, शेलूबाजारचा रहिमान पेंटर. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची, दुकानांवर पाट्या काढायच्या आणि देवळाच्या भिंतीवर मारुती काढायचा, हा त्याचा धंदा. मोठेबाबांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. कमिटी आमच्या ओसरीत कापसाला टेकून बसायची आणि रहिमानला मोठेबाबा समजावून सांगायची. ज्यांनी छड्या खाल्ल्या होत्या ते म्हणायचे, डोळे मोठे. ज्यांची मुलं त्यांनी फुकट शिकवली ते म्हणायचे, कपाळ मोठं. रहिमानने सगळंच मोठं काढलं. पहिली तसबीर झाली तेव्हा पाटलांनी बघताक्षणी हात जोडले आणि मग म्हणाले, ‘अरे, हा तं मारोती हाय!’ रहिमान ओशाळून म्हणाला, ‘काय करू साब, हातच तसा वळते.’ दुसऱ्या खेपेला त्याने मुद्दाम हात आवरला, तर ते चित्र इतकं नम्र झालं की बाबा हळूच म्हणाले, ‘हा माह्यावानी दिसून राह्यला.’

आणि मग मिशी. पटकीच्या आधी शिकलेल्यांना गुरुजी मिशीवाले आठवत, पटकीनंतरच्यांना बिनमिशीचे. पाटील जुने. ते म्हणाले, ‘बिनमिशीच्या मानसाचा फोटो लावाचा तं मंग दगडाचा लावा ना.’ तरुण मंडळी म्हणाली, मिशीवाला माणूस आम्ही ओळखतच नाही, त्याला हार कशाला घालू? दुसऱ्या दिवसापासून गावात पार्ट्या पडल्या. मिशीवाले पारावर बसायचे आणि बिनमिशीवाले शाळेच्या ओट्यावर. एका लग्नात दोन पंगती वेगळ्या बसल्या आणि रोडगे कमी पडले त्याचा दोषसुद्धा मिशीवर गेला. हेडमास्तरांनी ठराव मांडला की प्रश्न मतदानाला टाकावा. रहिमानने सुचवलं की एका बाजूला काढतो, एका बाजूला नाही काढत. माझ्या मोठेबाबांनी गावासाठी एवढं केलं, विहिरीला औषध, शाळेला टिनं, आणि गाव भांडतंय कशावर, तर त्यांच्या ओठावर. मला तेव्हा फार राग यायचा. आता वाटतं, गेलेल्या माणसाला लोक असंच धरून ठेवतात, ज्याच्या हाताला जे लागेल ते.

एका दुपारी कमिटी अशीच भांडत बसली होती. रहिमानने आपला लाल रंगाचा डबा उचलून सवयीने मागे ठेवला, तो नेमका कापसाच्या ढिगावर. आतून आत्या दाणे पाखडायचं सूप घेऊन येत होती. परक्या पुरुषांसमोर ती नेहमी पदर भुवईखाली ओढून घ्यायची, त्यामुळे गावातल्या पुरुषांनी तिचं तोंड कित्येक वर्षांत नीट पाहिलेलं नव्हतं. पण पांढऱ्या कापसावर लाल डबा दिसल्यावर पदर कुठे गेला हे तिलाही कळलं नाही. दोन्ही जाड भुवया एकत्र आल्या, नाक उभं राहिलं, आणि ती घसा खाकरून म्हणाली, ‘हं!’

पाटील उठून उभे राहिले. त्यांनी बिडी तळहातात दाबून विझवली आणि हात पाठीमागे नेला. बाकीचे दोघे उभे राहिले. बाबा आधीच उभे होते. हेडमास्तर या शाळेत शिकलेले नव्हते, पण सगळे उभे राहिले म्हणून तेही उभे राहिले. रहिमान तेवढा बसून राहिला आणि टक लावून आत्याकडे बघत होता.

‘कापसावर डबा कोनं ठेवला?’ आत्या म्हणाली.

‘पाटीलसाब,’ रहिमान म्हणाला, ‘तुमी सारे मले कायले येडं बनवून राह्यले? गुरुजी तं हे काय, इथंच हायेत.’

‘मेलेल्या मानसाची थट्टा करून राह्यला काय रे?’ आत्या म्हणाली, आणि ते इतकं मोठेबाबांसारखं म्हणाली की पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही त्या घरात राहणारे, पण आमच्याही कुणाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. रोज भाकरी वाढणाऱ्या माणसाचं तोंड कोण बघतं? रहिमान म्हणाला की हातात कल्पना नसते, हातात डोळ्यांपुढचं असतं. या बाईंना फेटा-कोट घालून माझ्यापुढे बसवा, आठवड्यात गुरुजी काढून देतो. हेडमास्तर घाईघाईने म्हणाले, ‘अहो, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं आपल्यात म्हणतात खरं, पण ते म्हणण्यापुरतं असतं!’

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सूप कुणाच्या तरी डोक्यात पडतं. पण आत्याने सूप खाली ठेवलं, लाल डबा उचलून रहिमानच्या हातात दिला, आणि हेडमास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

‘बसतो मी,’ ती म्हणाली. ‘पन आमची चंद्री, शेवंता अन राजुल, तिघी वर्गात बसतीन तवरच मी इथं बसीन. त्या उठल्या का मी उठलो.’

हेडमास्तर बाबांकडे बघू लागले. बाबा म्हणाले, ‘पाहू.’ आत्या म्हणाली, ‘तू नोको पाहू. तू गप बस.’ शेवटी पाटलांनी हेडमास्तरांच्या वतीने हो म्हणून टाकलं. त्या रात्री मी आत्याला विचारलं की तुला आमच्या शाळेचं एवढं काय? ती म्हणाली, ‘दादानं मले ठ काढाले शिकोलं व्हतं, धुळीत. मंग माहं लगन झालं. कू राह्यला.’ एवढं बोलून ती कुशीवर वळली. ठकू या नावातला ‘कू’ तिचा कायमचा राहिला. मी पुढे किती मागे लागले, पण म्हणाली, आता डोळे नाहीत. डोळे चांगले होते. रंगाचा डबा तिला आतल्या खोलीतून दिसला होता.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी जो तमाशा सुरू झाला त्याची आठवण आली की मला अजून हसू आवरत नाही. जेवणं आटोपली की आई आत्याला कोट चढवायची. नऊवारीवर कोट, वर मोठेबाबांचा फेटा, आणि खाली गोठ्यातून येताना शेण लागलेले पाय. पाटील म्हणाले, पाय नाही काढायचे, हरकत नाही. ती कापसाच्या ढिगापुढे खुर्चीवर बसायची आणि रहिमान डोळा बारीक करून रंग कालवायचा. शाळा सुटली की मी समोर बसून मोठ्याने धडे वाचायचे, कारण मी खरंच शाळेत जाते याचा आत्याला रोज पुरावा लागायचा. गावातल्या बाया पाणी न्यायच्या निमित्ताने आमच्या दारावरून तीनतीनदा जायच्या. रहिमान विनवायचा, ‘आत्याबाई, हलू नोका,’ आणि आत्या न हलता, फक्त ओठांच्या कोपऱ्यातून आईला सांगायची, ‘दूध उतू जाऊन राह्यलं.’ मिशीचा निकाल तिनेच लावला. पाटील आणि तरुण पोरं दोन्हीकडून समजवायला आली तेव्हा ती म्हणाली, ‘माह्या ओठावर काय हाय थे पाह्य अन तेवढंच काढ. एक केस जादा नोको, एक कमी नोको.’ आता, आत्याच्या ओठावर बारीक लव होती, उतारवयात बऱ्याच बायांना असते तशी. लांबून दिसायची नाही, जवळून दिसायची. रहिमानने ती इमानाने काढायची कबूल केली. त्यामुळे मिशीवाले जवळून बघून समाधान पावणार होते आणि बिनमिशीवाले लांबून. त्या संध्याकाळी पारावर दोन्ही पार्ट्या पुन्हा एकत्र बसल्या.

फेटा झाला, कोट झाला, भुवया झाल्या, डोळे झाले. एके दिवशी दुपारी मी वेळेआधीच घरी आले. डिप्टी साहेब येण्याची तारीख जवळ आली तसं हेडमास्तरांचं अवसान गळालं होतं. साहेबांना वर्गात मुली दिसल्या तर नोकरीवर यायचं, म्हणून त्यांनी आम्हाला साहेब जाईपर्यंत घरी राहायला सांगितलं होतं. एवढंच, दोन आठवडे. मला ते खरंही वाटलं, पण जो एकदा दोन आठवडे उठला त्याला पुन्हा कोण बसवतो? आत्या खुर्चीवर होती आणि रहिमान नाक काढायच्या बेतात होता. दारात पाटी घेऊन उभी राहिलेली मी आत्याला दिसले. तिने फेटा काढला, कोट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि दाणे पाखडायला गेली. रहिमानचा ब्रश हवेतच राहिला.

नाक आणि तोंड नसलेली तसबीर पाटलांच्या घरी नेऊन ठेवली. पाटलीणबाई म्हणाल्या, माझ्या माजघरात हे नको, नुसते डोळेच माझ्या मागे फिरतात. पाटील आत्याला विनवून गेले. बाबा तर घरातच होते, ते उठता-बसता विनवायचे. आत्याचं एकच म्हणणं, ‘पोट्ट्या उठल्या, मी उठलो.’ रहिमान मनाने नाक लावायला तयार होता, पण मनाने लावलं की ते मारुतीचं होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळं गाव हेडमास्तरांकडे अशा नजरेने बघू लागलं की बिचारे शाळेच्या मागच्या वाटेने घरी जाऊ लागले. शेवटी एका सकाळी ते स्वतः आमच्या ओसरीत आले, कापसाच्या ढिगाशी उभे राहिले आणि छापील भाषा विसरून म्हणाले, ‘आत्याबाई, मुली येऊ द्या आणि तुम्हीही या. आता नाकाचा प्रश्न आहे.’ आत्याने विचारलं, साहेबाच्या दिवशी? ते म्हणाले, साहेबांच्या दिवशीही. आत्या म्हणाली, ‘पुढच्या वळीत.’ हेडमास्तरांनी डोळे मिटून मान हलवली.

सभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. एका बाजूला चुलवण पेटलेलं, गोवऱ्यांत रोडगे भाजत होते आणि वांग्याच्या भाजीच्या वासाने पहिल्या रांगेतल्या पोरांचं लक्ष भाषणात नव्हतं. आम्ही तिघी पुढच्या ओळीत बसलो होतो. आत्या बायांच्या घोळक्यात मागे होती, आणि बाबा हातापाया पडल्यामुळे पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली होती. गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं की तसबिरीत कोण आहे. ठाऊक नव्हतं ते एका डिप्टी साहेबांना. त्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, आणि समोर मोठेबाबा. तेच नाक, तेच डोळे, ओठावर कळे न कळेशी मिशी. मागे कापसाचा ढीग रहिमानने होता तसा काढला होता, समोर दिसतं ते काढायचं या इमानाने. साहेब दोन पावलं मागे सरले. ‘वा!’ ते म्हणाले, ‘बोर्डाच्या कचेरीत मी गुरुजींच्या शेजारी बसलो होतो. हुबेहूब! आणि चित्रकाराची कल्पना काय आहे पाहा, गुरुजी स्वर्गातल्या ढगांवर विराजमान आहेत!’ पाटलांना ठसका लागला. मागे बायांच्या घोळक्यात कुणीतरी पदर तोंडात कोंबल्याचा आवाज आला. रहिमानने मात्र छातीवर हात ठेवून नम्रपणे मान लववली.

मग साहेब वळले आणि त्यांना आम्ही दिसलो. ‘या मुली मुलांच्या वर्गात? वरच्या इयत्तेत?’ त्यांनी विचारलं, ‘कुणाच्या हुकमाने?’ हेडमास्तर पाटलांकडे बघू लागले. रोडग्यांखालच्या गोवऱ्या फुटल्याचा तेवढा आवाज येत होता. शेवंता माझा हात धरून उठायलाच लागली. मीही अर्धी उठले होते. तेवढ्यात मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

‘हं. बसा.’

आम्ही बसलो. पाटील बसले. हार घेऊन उभे असलेले दोघे हारासकट बसले. चुलवणाशी उभे असलेले आचारी बसले. सगळा जुना विद्यार्थी गाव धपकन खाली बसला, आणि एकटे साहेब उभे राहिले. त्यांनी आवाज कुठून आला ते शोधलं, पण समोर सगळीकडे नुसती बसलेली माणसं आणि मागे पदरच पदर. पाटलांनी बसल्या बसल्याच हात जोडले. ‘साहेब,’ ते म्हणाले, ‘हा ज्याइचा फोटो हाय ना, त्याइचाच हुकूम हाय.’ इतकं खरं वाक्य पाटील आयुष्यात दुसरं बोलले नसतील. साहेबांनी तसबिरीकडे पाहिलं. तसबीर त्यांच्याकडे पाहत होती, भुवया जवळ आणून, कापसावर लाल डबा दिसावा तशी. साहेब म्हणाले, ‘गुरुजींनी बसवल्या असतील तर मी कोण उठवणारा? नावं पटावर घाला.’ मग तेही खुर्चीत बसले. मला एवढं रडू आलं की पुढची भाषणं मी ऐकलीच नाहीत. रोडगे मात्र पोटभर खाल्ले.

मी सातवी झाले, ट्रेनिंगला गेले, आणि फिरून फिरून त्याच शाळेत मास्तरीण म्हणून आले. आत्या त्यानंतर बरीच वर्षं होती. दर वर्षी गुरुजींच्या पुण्यतिथीला शाळेत तसबिरीला हार घातला की ती घरी विचारायची, ‘यंदा कोन्या फुलाचा व्हता?’ शेवंतीचा म्हटलं की खूश व्हायची. झेंडूचा म्हटलं की म्हणायची, ‘झेंडू तं बैलाले घालतेत.’ ती गेली तेव्हा आमच्या ध्यानात आलं की तिचा एकही फोटो नाही. तेरवीला समोर ठेवायचं काय? आई म्हणाली, पाटावर नुसती सुपारी मांडू. बाबा उठून शाळेत गेले, खिळ्यावरून तसबीर उतरवली आणि दोन्ही हातांत धरून, भर रस्त्याने घरी आणली. वाटेत लोक पायातल्या वहाणा काढून बाजूला उभे राहत होते. तेरवीला सगळा गाव आला आणि प्रत्येकाने तसबिरीपुढे दोनदा डोकं टेकवलं, एकदा गुरुजींसाठी, एकदा आत्यासाठी.

रहिमान पेंटरही आला होता. म्हातारा झाला होता, हात कापायचे. तो बराच वेळ आपल्या हातच्या चित्राकडे बघत बसला. मग बाबांजवळ सरकून हळूच म्हणाला, ‘भाऊ, आजच्या दिवसापुरती मिशी पुसून देऊ काय? बाईमानसाची तेरवी हाय, बरं नाई दिसत. उद्या परत काढून देतो.’

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील ‘पाहू.’

‘राहू दे,’ बाबा म्हणाले. ‘तिच्याच हायेत त्या.’